हिरव्या पोटाचा ढग

रामाकोना
रविवार, १२ जानेवारी २०२५

अंकुश,

वर 'चिरंजीव' लिहावं की नाही यात माझी अर्धी सकाळ गेली. नऊ वर्षांत तू मला एक अक्षर पाठवलं नाहीस, मीही नाही. तेव्हा नुसत्या नावावर भागवतो. आशीर्वाद आहेच, तो लिहिला काय आणि न लिहिला काय.

पत्ता पूनमनं दिला. तुझी बहीण दर रविवारी बोरगावहून येते, माझ्यासाठी भाजी आणते आणि भाजीबरोबर तुझी थोडी खबर. थोडीच. तू आफ्रिकेत आहेस, टुरिस्ट कंपनीत आहेस, तब्येत बरी आहे. मी आपला धरून बसलो होतो की तू गाडी चालवत असशील, नाहीतर ऑफिसात बसत असशील. परवा पांढुर्ण्याचा गजेंद्र येऊन गेला तेव्हा कळलं की माझा मुलगा लोकांना घेऊन बर्फाच्या डोंगरावर चढतो. बापाला हे एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून कळावं, हेही माझ्या वाट्याला आलं. असो.

गजेंद्र पुढच्या महिन्यात बारा जणांना घेऊन तुझ्याकडे येतो आहे, हे तुला माहीत असेलच. त्याच्या घरी तीन पिढ्या महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ नेतात. या वर्षी त्यानं मोठी उडी घेतली. त्रिशूळ किलिमांजारोच्या माथ्यावर न्यायचा, तोही नेमका शिवरात्रीच्या सकाळी, आणि नव्या पांढुर्णा जिल्ह्याचं नाव लिहिलेलं कापड तिथं फडकवायचं. पेपरात त्याचा फोटोसुद्धा आला. डोंगर चढायच्या आधीच फोटो, मला हसू आलं.

तो माझ्याकडे राख मागायला आला होता. त्याच्याबरोबर नागपूरचे दोघं होते, त्यांना गारपगारी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मग मलाच सांगावं लागलं. गावावर गार चालून आली की मारुतीच्या पारावर उघड्यावर उभं राहायचं, त्रिशूळ रोवायचा, धुनीची राख ढगाकडे फुंकायची आणि गार शिवेबाहेर वळवायची, हे आमच्या घराचं पिढ्यांचं काम. त्याबद्दल हंगामाला घरटी ज्वारी मिळायची. माझ्या आज्याकडे पंचवीस गावं होती. माझ्याकडे एक उरलं आणि तिथंही निम्मे लोक चेष्टेनं बोलवायचे. नागपूरचे दोघं मान हलवत ऐकत होते. एकानं मोबाइलवर माझं चित्रण केलं. पुष्कळ वर्षांनी कुणी मला असं ऐकत होतं, खोटं कशाला बोलू, मी फुगलो.

गजेंद्र म्हणाला की त्या डोंगरावर वारं-पाणी फार खराब असते, तुमच्या हातची राख द्या. मी दिली. पुडी बांधून दिली आणि वर म्हणालो, "ही खिशात असली का ढग बाजूनं जाते."

एवढं कळवायला लिहिलं. त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही. मी तुझ्या मायला आत जा म्हणून सांगितलं होतं, तिनं ऐकलं नाही. हे तुला तेव्हाच सांगून झालं आहे.

बाबा


रामाकोना
मंगळवार, ४ फेब्रुवारी

अंकुश,

पत्र तुझ्या ऑफिसात पोचलं असं पूनम म्हणते. उघडलंस का, ते ती सांगत नाही आणि मी विचारत नाही.

मला मात्र तुझ्या डोंगराचं वेड लागलं आहे. पूनमनं माझ्या फोनमध्ये ते हवामानाचं करून दिलं. सकाळी उठलो की आधी तुझं बघतो, मग रामाकोन्याचं. आज इथं तेरा अंश होते. डोंगराखालच्या तुझ्या मोशी गावात तेवीस आणि डोंगराच्या माथ्यावर उणे नऊ. एकाच ठिकाणी खाली पंखा लावायचा आणि वर बर्फ, हे माझ्या बुद्धीला अजून नीट पटलेलं नाही. वाऱ्याचा आकडाही येतो. काल माथ्यावर ताशी पन्नास किलोमीटर होता आणि खाली झाडाचं पान हलत नसेल.

तू तिला पाठवलेले फोटो मी सगळे पाहिले. मोठे करून पाहिले. डोंगर सकाळी तोंड उघडं टाकून बसलेला असतो. दहाच्या सुमाराला खालच्या जंगलातून वाफ उठते आणि तासाभरात तो पदर घेतो. संध्याकाळी पुन्हा मोकळा. म्हणजे चढणाऱ्यानं उजाडता उजाडता माथा गाठायचा आणि पदर पडायच्या आत खाली सुटायचं. एका फोटोत पांढरा ढग माथ्यावर टोपीसारखा बसला आहे आणि गजेंद्रच्या माणसांना तो फार सुंदर वाटेल. मला तो आवडला नाही. तसा ढग बसला म्हणजे वर वारा फार आहे. मी हे म्हणालो तर पूनम म्हणाली, दादानंही मला हेच सांगितलं होतं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

ती म्हणते हा ज्वालामुखी आहे, झोपलेला. माथ्यावरच्या खळग्यात अजून गंधकाचा वास येतो. शेवटचा चढ सगळा राखेचा आणि खडीचा, दोन पावलं वर टाकली तर एक खाली येतं. म्हणजे अख्खा डोंगरच राखेचा. आणि त्याला आवरायला मी रामाकोन्याहून चिमूटभर राख पाठवतो आहे. हे मनात आलं तेव्हा हसलो. मग हसू गेलं.

कारण फोनवर बोलता बोलता पूनमच्या तोंडून निघून गेलं. हवा फिरली की अर्ध्या वाटेतून माणसं परत आणावी लागतात, आणि आलेली माणसं ऐकत नाहीत. मागच्या मार्चमध्ये एक बाई ऐकली नाही, तिच्यापायी तू वर थांबलास आणि गारठ्यानं तुझ्या दोन बोटांची टोकं गेली. हे मला आज कळलं. कोणत्या हाताची रे?

मी ते ऐकून बसलो होतो, तेवढ्यात गजेंद्रचा फोन आला. तयारी जोरात आहे म्हणाला. मी म्हटलं, वर गेल्यावर वाटाड्याचं आणि अंकुशचं ऐकत जा. तो हसला. म्हणाला, "कोणी काही म्हणो मोरेश्वरभाऊ, आपल्याजवळ तुमची राख हाये. माथ्यावरूनच येतो."

फोन ठेवला. आता माझ्या बढाईच्या भरवशावर बारा माणसं वर चढणार आणि त्यांच्या मागं तू उभा राहणार.

बाबा


रामाकोना
मंगळवार, १८ फेब्रुवारी

अंकुश,

काल पांढुर्ण्याला जाऊन आलो. राखेची पुडी परत मागायची असं ठरवून गेलो होतो.

स्टेशनवर ही गर्दी. गजेंद्रच्या गळ्यात संत्र्याच्या फुलांचा हार, त्रिशूळ लाल फडक्यात गुंडाळून त्याच्या आईच्या हातात, ताशेवाले. बारा जण नागपूरच्या गाडीत चढायचे होते. मी कसाबसा पुढं गेलो आणि त्याला म्हणालो, जरा बाजूला ये, बोलायचं आहे. त्यानं मला बाजूला नेण्याऐवजी खांद्याला धरून सगळ्यांच्या समोर उभं केलं. हे आमचे गारपगारी बाबा, यांच्याच राखेवर आम्ही चाललो, यांचाच मुलगा आम्हाला वर नेणार आहे, असं तो मोठ्यानं सांगायला लागला. कुणीतरी माझ्याही गळ्यात हार घातला. त्याच्या आईनं माझ्या पाया पडून विचारलं, "माह्या पोराले काई होणार नाई नं, बाबा?"

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. 'माय, त्या राखेत काही नाही, पोराला म्हणावं हवा फिरली की परत ये.' एवढंच वाक्य होतं. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. ते वाक्य म्हणायला दहा मिनिटं फार झाली. मी लोकांकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिला वाटलं मी म्हणालो, काही होणार नाही.

गाडी गेली. मी बाकावर बसून राहिलो. हार काढून पिशवीत टाकला. माझं असं होण्याची ही पहिली वेळ नाही, अंकुश. एकदा आधीही असंच झालं. लोक बघत होते आणि मला एक गोष्ट करता आली नाही. ते तुला लिहायचं आहे. आज हात चालत नाही.

बाबा


रामाकोना
रविवार, २३ फेब्रुवारी

अंकुश,

हे टपालानं वेळेवर पोचणार नाही. पूनम पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. म्हणजे तीही वाचणार. वाचू दे.

तुम्ही डोंगरावर चार दिवसांचे झालात. ती म्हणते मध्ये एखाद्या तळावर फोन लागतो, एखाद्यावर नाही. शेवटच्या तळाचं नाव 'बराफू' आहे आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ बर्फच. तिथून बुधवारी तुम्ही माथ्याकडे निघणार. माझ्या फोनमध्ये बुधवारी सकाळी ढगाचं चित्र दाखवतं, त्यात वीज काढलेली आहे. तुझ्याकडे यापेक्षा चांगलं यंत्र असेल. तरी सांगतो.

आता ते लिहितो.

होळीला आठ दिवस होते. दुपारी तीनच्या सुमाराला कन्हानच्या पलीकडून ढग चढला. तू नागपूरला होतास, पूनम कॉलेजात. लोक मला बोलवायला आले, मी पारावर गेलो, त्रिशूळ रोवला. आपल्या घराचा नेम तुला ठाऊक आहे. गारपगारी उभा असेपर्यंत त्याच्या घरच्यांनी छपराखाली जायचं नाही. घरच्यांनीच आसरा घेतला तर ढगाला कळतं की याचा याच्यावरच भरवसा नाही. माझी आई तशीच उघड्या अंगणात बसायची. तुझी माय तीस वर्षं बसली. मोकळीक एकच होती. मी हात वर करून घराकडे वळवला की तिनं आत जायचं. पारावरून आपलं अंगण समोर दिसतं.

चाळीसेक लोक देवळाच्या मंडपात दाटीनं उभे होते. काही हात जोडून, काही मोबाइल धरून. मागच्या दोन वर्षी गार पडली होती, तेव्हा या वेळी बघू म्हाताऱ्याचं काय होतं ते, असं चाललं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

ढगाचं पोट हिरवं होतं. तुला लहानपणी मी बांधावर बसवून दाखवलं होतं तसं, साचलेल्या पाण्यासारखं हिरवं. वारा एकाएकी थंड झाला आणि मग बंदच पडला. वरून जात्यासारखी घरघर यायला लागली. मला कळलं होतं, अंकुश. पहिली गार पडायच्या आधीच मला कळलं होतं की हा वळणार नाही. आज्यानं मला वारायला नंतर शिकवलं, ओळखायला आधी शिकवलं होतं.

तुझ्या मायलाही कळलं असावं. ती माझ्याकडे बघत होती, हात वर होतो का म्हणून. एकदा अर्धी उठली. माझा हात वर झाला नाही म्हणून परत बसली.

मी हात वर केला नाही. करता आला असता. काही जड नव्हतं हातात. पण हात वर केला असता तर चाळीस माणसांपुढं मीच सांगितल्यासारखं झालं असतं की माझ्यानं होत नाही. म्हटलं आणखी थोडं, आणखी एक मंत्र. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. मला खांद्यावर लागल्या. तिला डोक्यात लागली. मी धावलो तोपर्यंत ती पदर डोक्यावर धरून आडवी झाली होती आणि अंगण पांढरं झालं होतं. पुढचं तू पाहिलंस. तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यात ती गेली.

तू मला विचारलंस, ती बाहेर काहून होती. मी म्हणालो, मी तिला आत जा म्हटलं, तिनं ऐकलं नाही. तू माझ्याकडे बघत राहिलास आणि एवढंच म्हणालास, "मायनं तुमचं कधी नाई आयकलं, बाबा?" तेरवी झाली आणि तू गेलास.

तू ओळखलं होतंस. ती माझं ऐकत होती म्हणून गेली, आणि मी जगाला सांगितलं की ती ऐकत नव्हती म्हणून गेली. मेलेल्या बाईवर मी आळ घातला आणि नऊ वर्षं तो मोडला नाही. गावातही हेच सांगितलं. पूनमलाही हेच सांगितलं. पूनम, तू आता हे वाचते आहेस, तुझीही माफी मागतो.

मला माफ कर असं मी तुला लिहीत नाही. ते मागायला मी हे लिहिलेलं नाही. तू बुधवारी माथ्याजवळ पोचशील. गजेंद्र पुडी काढेल आणि म्हणेल, तुझ्याच बापाची राख आहे, चल. लोक तुझ्याकडे बघतील. त्यांनी पैसे भरले आहेत, पेपरात फोटो आले आहेत, त्रिशूळ आणला आहे, आईनं पाया पडून पाठवलं आहे. माथा दिसत असेल. म्हणशील, आणखी थोडं.

ढगाचं पोट बघ. हिरवं असलं तर माथा दहा पावलांवर असला तरी फिर. त्या राखेत काही नाही. असतं तर तुझी माय आज असती. हे गजेंद्रला मी सांगायला पाहिजे होतं, माझ्यानं झालं नाही, तू सांग. माझं नाव घेऊन सांग. बापाची लाज राखू नकोस.

हात वर कर आणि सगळ्यांना आत जा म्हण. तूही जा.

बाबा


रामाकोना
रविवार, ९ मार्च

अंकुश,

तुम्ही सगळे सुखरूप उतरलात हे पूनमला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण कसे, ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं.

शिवरात्रीचा दिवस कसा गेला ते सांगतो. पत्राच्या फोटोंपुढं पूनमच्या फोनमध्ये एकच खूण होती, रविवारपासून. म्हणजे पोचलं नव्हतं. मंगळवारी दुपारी चारला दोन खुणा झाल्या. पूनमनं कामावरून मला फोन केला, "बाबा, पोचलं." बुधवारी मी देवळात गेलो नाही. ओट्यावर फोन घेऊन बसलो. माथ्यावरचा आकडा बघायचा, मग आभाळ बघायचं, मग पुन्हा आकडा. इथलं आभाळ निळं होतं. त्याचा मला राग येत होता. संध्याकाळी पूनम रडत आली तेव्हा मी फोन खाली ठेवला. ती म्हणाली, अहो, आनंदानं रडून राहिली मी.

काल गजेंद्र आला. एकटाच आला, हार नाही, गाडीवर झेंडा नाही. तोंड सोललेलं. बराच वेळ चहा ढवळत बसला. त्याला राग आला होता आणि राग कुणावर काढावा हे समजत नव्हतं. मग बोलायला लागला.

ते उजाडताना खळग्याच्या कडेवर पोचले होते. माथा तिथून तासाभरावर. डोक्यावर आभाळ स्वच्छ, बर्फावर ऊन आलेलं, अर्धे लोक रडत होते, त्यानं त्रिशूळ पाठीवरून काढून हातात घेतला होता. तू मात्र पूर्वेकडे, खालच्या ढगाकडे बघत उभा होतास. इतर दिवशी तो ढग दहाला चढतो, त्या दिवशी साडेसहालाच चढत होता. तू वाटाड्याशी दोन शब्द बोललास आणि म्हणालास, इथून परत. गजेंद्रनं आरडाओरडा केला. एका तासासाठी इतक्या दूर आलो का, म्हणाला. मग पुडी काढली, तुझ्यापुढं धरली. तुमच्याच बापाची राख आहे.

तू ती पुडी घेतलीस आणि आपल्या खिशात ठेवलीस. गजेंद्रनं तुझं वाक्य मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्याला दोनदा सांगायला लावलं. "माह्या बापानं लिहून पाठवलं हाये, आत जा. आता बापाचं आयकतो मी." आणि तू हात वर केलास.

ते तळावर पोचायच्या आधीच वर काळोख झाला होता. गारा त्यांच्याही अंगावर आल्या, बारीक, साबुदाण्यासारख्या. वर काय चाललं होतं ते त्यांनी खालून पाहिलं. विजा माथ्यावर पडत नव्हत्या, माथ्यावर चालत होत्या, असं तो म्हणाला. आम्ही तिथं असतो, एवढं म्हणून तो थांबला. पुढचं वाक्य दोघांनाही ठाऊक होतं.

जाताना तो म्हणाला, त्रिशूळ पुढच्या वर्षी चौरागडावरच नेतो. मी म्हटलं, ने. आणि तुझ्या आईला सांग, मी स्टेशनवर मान डोलावली ती खोटी होती. मग त्याला तुझ्या मायचं सांगितलं. सगळं. तो पहिला. त्यानंतर शेजारच्या देवीदासला सांगितलं, मग पारावर बसलेल्या चौघांना. देवीदास उठून गेला. संध्याकाळी परत आला आणि माझ्याजवळ बसला.

तू मला काही लिहिलं नाहीस. ठीक आहे. तू गजेंद्रशी बोललास ते माझ्यासाठी पुष्कळ आहे.

बाबा


रामाकोना
शुक्रवार, २१ मार्च

अंकुश,

काल इथं गार पडली.

दुपारी अडीचला कन्हानच्या पलीकडून चढली, त्याच वाटेनं. झाडांवर मृग बहराचं संत्रं पिवळं होऊन उभं होतं, दोन-चार दिवसांत तोड होती, म्हणून गाव घाबरलं. मला वाटलं होतं आता मला कुणी बोलावणार नाही, मी स्वतःच सगळं सांगून मोकळा झालो होतो. पण लोक आले. देवीदास पुढं होता. तोंड खाली घालून म्हणाला, "मोरेश्वर, एक डाव उभा राहतं का रे?" संत्रं जात असलं की माणूस काहीही धरतो. मी त्याला दोष देत नाही.

गेलो. त्रिशूळ घरीच ठेवला. पारावर चढलो, मंडपात पुन्हा तीस-चाळीस माणसं, पुन्हा मोबाइल. मी ढगाचं पोट पाहिलं. हिरवं होतं. वारा बंद पडला. घरघर यायला लागली.

मी लोकांकडे वळलो आणि म्हणालो, "माह्यानं होत नाई. कधी होत नव्हतं. मंडपाचं छप्पर फुटंल, पक्क्या घरात जा." आणि हात वर करून घराकडे वळवला. क्षणभर कुणी हललं नाही. मग सगळे पळाले. वावरात मजूर बायका होत्या, त्यांना दोघांनी मोटारसायकलवर जाऊन आणलं. शाळेत बसवलं. गावातल्या निम्म्या झाडांचं फळ खाली आलं, आपलंही आलं. मंडपाचे पत्रे फाटले. माणूस एकही गेला नाही.

मी घरात आलो आणि दार लावलं. गारांच्या वेळी मी छपराखाली असण्याची ही आयुष्यातली पहिली वेळ. पत्र्यावर इतका आवाज होतो हे मला ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. नंबर लांबलचक होता. पूनमनं तुला कळवलं असणार.

नऊ वर्षांनी तुझा आवाज ऐकला. भारी झाला आहे. तू ओरडून विचारत होतास, "बाबा, कुठी आहा तुमी? बाबा, कुठी आहा?" मीही ओरडून सांगितलं. पण पत्र्यावर गारा आपटत होत्या, तुला काही ऐकू जात नव्हतं, तू पुन्हा पुन्हा तेच विचारत होतास. मग फोन कटला आणि लाइटही गेली.

पूनम म्हणते, बाबा, तुम्हीच लावा आता फोन. लावीन. पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आधी कागदावर द्यायचं होतं. मागच्या वेळी तू असंच काही विचारलं होतंस, त्याचं उत्तर मी तोंडी दिलं होतं आणि ते खोटं होतं.

मी आत होतो, अंकुश. दार लावून, तुझ्या मायच्या बाजेवर बसलो होतो. पारावर हात वर केला तेव्हा मी आधी आपल्या अंगणाकडेच पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तरी हात तसाच वर धरून ठेवला, तिला आत जायला लागला असता तेवढा वेळ.

बाबा